मुलकी, उपरे आणि निष्ठेचा दाखला

देशात कोणी राहावे, बाहेरचा कोणाला म्हणावे आणि राष्ट्राशी एकनिष्ठ कोणास समजावे, हा वाद अलीकडे पुन्हा ऐरणीवर आला आहे. ‘घुसखोर’, ‘परप्रांतीय’, ‘भूमिपुत्र’ आणि ‘राष्ट्रद्रोही’ हे चार शब्द आता एकाच वाक्यात सहज नांदू लागले आहेत. वाङ्मयाच्या अभ्यासकाने या राजकीय धुळवडीत का पडावे, असा आक्षेप कोणी घेईल. त्याला उत्तर एवढेच की, या वादातील निम्मे काम शब्दच करीत असतात, आणि शब्दांची चौकशी करणे हे आपले कामच आहे. देशाच्या हद्दीत कोणी यावे, नोकरी कोणाला मिळावी आणि विश्वास कोणावर ठेवावा, हे तीन निराळे प्रश्न आहेत. पहिला कायद्याचा, दुसरा पोटाचा, तिसरा आचरणाचा. आजच्या चर्चेत हे तिन्ही एकाच गजाने मोजले जातात. तो गज म्हणजे जन्मस्थळ आणि त्याचा कागद. हा गज मराठवाड्याच्या पाठीवर पूर्वी एकदा बसून गेलेला आहे. त्याचे वळ आपण विसरलो, हे प्रस्तुत लेखकाला या वादापेक्षाही अधिक काळजीचे वाटते.

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील देवगाव फाटा हे ठिकाण या विचाराला सोयीचे आहे. जालन्याकडून मंठ्यावरून येणारा रस्ता येथून जिंतूरकडे जातो आणि एक वाट सेलूकडे उतरते. ‘गाव’ आणि ‘फाटा’ या दोन शब्दांत मराठीने मोठे अंतर ठेवलेले आहे. गावाला पांढरी असते, वेस असते, ग्रामदैवत असते, पाटीलकी असते. फाट्याला यातले काहीच नसते. तेथे जो तो कोठून तरी आलेला असतो. मराठवाड्यातील कोणत्याही फाट्यावर उभे राहावे : चहाचे हॉटेल शेजारच्या खेड्यातल्याचे, मिठाईचे दुकान राजस्थानच्या माणसाचे, चाकाचे पंक्चर काढणारा उत्तर प्रदेशचा, आणि दसरा-दिवाळीनंतर ट्रकच्या हौद्यात बिऱ्हाड घालून ऊसतोडीला निघालेली कुटुंबे मात्र याच मातीतली. येणारे आणि जाणारे यांची गाठ फाट्यावरच पडते. स्थलांतराची चर्चा करणारे विद्वान बहुधा येणाऱ्यांकडे पाहून बोलतात. जाणारे आपलेच असल्यामुळे ते स्थलांतरित आहेत हे त्यांच्या ध्यानात येत नाही.

गावगाड्याच्या जुन्या कागदपत्रांत शेतकऱ्यांचे दोन मोठे वर्ग दिसतात : मिरासदार आणि उपरी. मिरासदार म्हणजे वंशपरंपरेने जमिनीचा हक्क असलेला; त्याला मानपान, पंक्तीत जागा, गोतसभेत आवाज. उपरी म्हणजे दुसरीकडून आलेला, मुदतीच्या बोलीवर जमीन कसणारा. उपऱ्याचे स्थान खालचे होते, यात शंका नाही, आणि त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. जातीच्या उतरंडीत कित्येकांना उपरी होण्याचीदेखील मुभा नव्हती. परंतु दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. एक, दुष्काळाने वा स्वाऱ्यांनी गाव उजाड झाले की राज्यकर्ते स्वतः कौल देऊन बाहेरची माणसे आणून वसवीत. पहिली वर्षे सारा हलका ठेवून पुढे तो क्रमाने चढवीत. दुसरी, उपऱ्याला मिरासपत्र मिळू शकत असे. जमीन विकत घेऊन, पडीक रान वहितीला आणून, गावाचे देणे-घेणे अंगावर घेऊन तो मिरासदार होई. दाराला कुलूप होते, पण किल्ली कसणाऱ्याच्या हाती येऊ शकत होती.

शब्दांच्या प्रवासाकडे पाहावे. ‘वतन’ हा अरबी शब्द. उर्दूत त्याचा अर्थ मायभूमी. मराठीने तो घेतला आणि त्याचा अर्थ केला सेवेबद्दल मिळालेला वंशपरंपरागत हक्क. म्हणजे जन्मभूमीचा शब्द आपण कामाशी बांधला. निष्ठेची आपली जुनी भाषाही मिठाची आहे : खाल्ल्या मिठाला जागावे, हा दंडक. मीठ ज्याचे खाल्ले त्याच्याशी इमान. ते मीठ कोणत्या गावात जन्मून खाल्ले, याची पृच्छा त्यात नाही. याचे सर्वांत ठळक उदाहरण मराठवाड्याच्याच भूमीवर घडलेले आहे. मलिक अंबर हा हबसाणात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला मनुष्य दक्षिणेत आला आणि १६२६ मध्ये मृत्यू येईपर्यंत निजामशाहीच्या रक्षणासाठी मोगलांशी झुंजत राहिला. ज्या खडकीला पुढे औरंगाबाद म्हणू लागले, आणि आता छत्रपती संभाजीनगर म्हणतात, ती १६१० मध्ये त्याने वसविली. त्याच निजामशाहीचे जन्माने दक्षिणी असलेले किती सरदार त्या काळात मोगलांना जाऊन मिळाले, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यास सांगावयास नको. सरदारांच्या त्या काळातील निष्ठेला राष्ट्रनिष्ठा म्हणता येणार नाही, हे मान्य. परंतु जन्मस्थळावरून निष्ठेचा अंदाज बांधणाऱ्यास हे एकच उदाहरण पुरेसे अडचणीचे आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. आजच्या मराठीत ‘मुलकी’ म्हणजे लष्करी नव्हे ते, महसुली वा नागरी प्रशासनातले. हैदराबाद संस्थानात मात्र ‘मुलकी’ म्हणजे मुलखातला, संस्थानचा अस्सल रहिवासी. आणि ‘गैरमुलकी’ म्हणजे बाहेरचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सालारजंगाच्या कारभारात उत्तर हिंदुस्थानातून शिकलेले अधिकारी मोठ्या संख्येने आणले गेले आणि स्थानिक उमेदवारांत असंतोष उत्पन्न झाला. त्या असंतोषातून या जोडशब्दाला धार आली. १९१९ मध्ये निजामाच्या फर्मानाने मुलकी नियम निश्चित झाले. संस्थानात जन्मलेला प्रजाजन तो मुलकी. बाहेरच्याला मुलकी व्हायचे असेल तर किमान पंधरा वर्षे कायम वास्तव्य हवे, आणि मूळ गावी परतण्याचा विचार आपण सोडून दिला आहे, असे दंडाधिकाऱ्यासमोर साक्षांकित केलेले प्रतिज्ञापत्र हवे. या दुसऱ्या अटीकडे वाङ्मयाच्या वाचकाने थोडे थांबून पाहावे. राज्याला येथे वास्तव्य पुरत नाही. परतण्याची इच्छा मनातून गेली आहे काय, हे त्याला पाहायचे आहे, आणि तेही ठराविक नमुन्यावर. माणसाच्या ओढीची नोंदवहीत नोंद करू पाहणारा हा कागद होता.

हा नियम नोकरीपुरता होता आणि त्यामागची तक्रार खोटी नव्हती, हेही मान्य केले पाहिजे. १९३० च्या दशकात ‘निजाम सब्जेक्ट्स लीग’ने हैदराबाद हैदराबादींचे असा आग्रह धरला, तेव्हा त्यात हिंदू-मुसलमान दोघेही होते. आपल्या मुलखात आपल्या मुलांना जागा नसावी, ही वेदना खरी असते. परंतु नोकरीसाठी केलेला शब्द नोकरीपुरता राहत नाही. थोड्याच काळात मुलकी म्हणजे राजनिष्ठ आणि गैरमुलकी म्हणजे चिथावणीखोर, असे समीकरण राज्यकर्त्यांच्या सोयीचे झाले. संस्थानात सभांवर इतकी बंधने होती की, हैदराबादच्या प्रजेची राजकीय परिषद १९२३ साली काकीनाड्याला, १९२६ साली मुंबईला, १९२८ साली पुण्याला आणि १९३१ साली अकोल्याला, म्हणजे चारही वेळा संस्थानाबाहेर भरवावी लागली. प्रजा संस्थानची आणि तिचा आवाज परमुलखातून! मराठी भाषकांची महाराष्ट्र परिषद १९३७ मध्ये परतूर येथे भरली. परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यात होते. पहिले अधिवेशन, अध्यक्ष गोविंदराव नानल. देवगाव फाट्यापासून ते गाव फार दूर नाही. पुढच्याच वर्षी स्टेट काँग्रेसची स्थापना होऊ घातली, तोच तिच्यावर बंदी आली. संस्थेचा धागा बाहेरच्या संघटनेशी जुळलेला आहे, हा सरकारच्या आक्षेपाचा एक गाभा होता. त्याच १९३८ सालच्या अखेरीस ‘वंदे मातरम्’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांना उस्मानिया विद्यापीठाने काढून टाकले आणि नागपूर विद्यापीठाने त्यांना आश्रय दिला. आज ज्यांना आपण देशभक्त म्हणतो, ते त्या दिवशी आपल्या राज्याच्या दप्तरी बेइमान होते. एक गीत म्हटल्यामुळे त्यांची निष्ठा संशयास्पद ठरली होती, हे अशासाठी सांगायचे की, पुढे तेच गीत न म्हणणाऱ्यांची निष्ठा संशयास्पद ठरविण्याचा आग्रह आपल्यातील काहींनी धरला. कसोटीचे टोक तेवढे फिरले.

ज्यांच्या नेतृत्वाखाली हा लढा लढला गेला, त्या स्वामी रामानंद तीर्थांचा जन्म १९०३ मध्ये विजापूर जिल्ह्यातील सिंदगीचा, म्हणजे तेव्हाच्या इंग्रजी मुलखातला. शाळामास्तर म्हणून ते हिप्परग्याला आले आणि मराठवाड्याचे झाले. गोविंदभाई श्रॉफ गुजराती कुटुंबातले; मराठवाड्याच्या विकासाचा प्रश्न त्यांच्याइतक्या चिवटपणे फार थोड्या ‘भूमिपुत्रां’नी लावून धरला. परभणी जिल्हा ज्या विद्यापीठाच्या कक्षेत येतो, त्याला १९९४ मध्ये रामानंद तीर्थांचे नाव दिले गेले. निव्वळ जन्माच्या दाखल्यावरून पारख करणाऱ्या एखाद्या कारकुनापुढे स्वामीजी उभे राहिले असते, तर त्याने त्यांच्या अर्जावर काय शेरा मारला असता, याची कल्पना वाचकांनीच करावी.

रझाकारांच्या काळात मराठवाड्यातील हजारो लोक घरदार सोडून शेजारच्या मुलखात गेले. परभणीच्या उत्तरेची माणसे वऱ्हाडात गेली. (कागदोपत्री वऱ्हाडावरही निजामाचेच स्वामित्व मानलेले होते, त्यामुळे निजामाच्या एका मुलखातून पळून निजामाच्याच दुसऱ्या मुलखात आसरा घेतला, असा तो चमत्कारिक प्रकार होता.) तेव्हा वऱ्हाडातील गावांनी या निर्वासितांना दाखला विचारला असता, तर? आणि ज्याने भारतात विलीन होण्याची बाजू उघडपणे मांडली, तो ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचा संपादक शोएबुल्ला खान ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबाद शहरात मारला गेला. तो मुसलमान होता, उर्दूत लिहीत होता आणि भारतासाठी मेला. मराठवाड्यातील मुक्तिसंग्रामाच्या भाषणांत त्याचे नाव अभावानेच ऐकू येते.

१७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान शरण आले आणि निष्ठेच्या प्रश्नाचे तोंड एका रात्रीत दुसरीकडे वळले. आता परीक्षा द्यायची होती ती मुसलमानांनी. रझाकारांनी जे अत्याचार केले त्यांची आठवण आपण दरवर्षी काढतो, आणि ती काढलीच पाहिजे. परंतु त्यानंतर जे घडले त्याची चौकशी करण्यास भारत सरकारनेच पंडित सुंदरलाल यांची समिती पाठविली होती. तिच्या अंदाजाप्रमाणे किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेली. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड यांचा समावेश होता. हा अहवाल कित्येक दशके लोकांपुढे आला नाही. त्या बळींत किती रझाकार होते आणि किती केवळ विणकर, शेतमजूर, अत्तरविके होते? जमावाला ते विचारण्याची गरज वाटली नाही, कारण निष्ठेचा निवाडा नावावरून आणि दाढीवरून आधीच झालेला होता. मराठी कथा-कादंबरीने रझाकारांची दहशत बऱ्यापैकी रंगविली. या दुसऱ्या बाजूविषयीचे तिचे मौन मात्र बोलके आहे. मराठवाड्याच्या साहित्याचा अभिमान बाळगणाऱ्यांनी या मौनाचाही हिशेब कधीतरी मांडावा.

आणि सप्टेंबर १९५२ मध्ये, स्वतंत्र भारतात, लोकनियुक्त सरकार असताना, हैदराबाद शहरात ‘गैरमुलकी परत जा’ अशा घोषणा देत विद्यार्थी रस्त्यावर आले. पोलीस कारवाईनंतर मद्रासकडून आलेले अधिकारी आणि शिक्षक यांच्याविरुद्ध हे आंदोलन होते. गोळीबार झाला आणि काही जण मृत्युमुखी पडले. ज्या शब्दाने निजामाने आपले राज्य राखले, तोच शब्द आता प्रजेच्या तोंडी होता. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे नियम वैध ठरविले, त्यावरून आंध्रात वणवा पेटला आणि १९७३ मध्ये संसदेने ते रद्द केले. संस्थान संपून पाव शतक झाले तरी त्याचा एक शब्द जिवंत होता.

येथे ब. रघुनाथांची आठवण होते. सातोन्याचा हा लेखक निजामाच्या बांधकाम खात्यात नोकरी करीत परभणीत राहिला आणि मराठीत लिहीत राहिला. पगार निजामाचा, भाषा मराठी, वाचक पुण्या-मुंबईचा, आणि भोवती पेटलेला मुलूख. त्यांची निष्ठा कोठे होती, असे विचारणारा समीक्षक प्रश्नच चुकीचा विचारतो. माणसाच्या निष्ठा एकावर एक ठेवलेल्या उतरंडीसारख्या असतात; पोटासाठी एक, भाषेसाठी एक, न्यायासाठी एक. त्यांतली एक खरी आणि बाकीच्या खोट्या असे नसते. ‘जगाला कळले पाहिजे’ लिहिणारा कारकून दहा ते पाच निजामाच्या दप्तराची जुळवाजुळव करीत असे, यात विसंगती शोधण्यापेक्षा त्या काळातील सामान्य मराठी माणूस कसा जगला हे समजून घेणे अधिक उपयोगाचे आहे. पुढे १९५३ मध्ये, वयाच्या चाळिशीतच, हा लेखक गेला.

मराठवाडा सोडून आता मुंबईकडे वळू. मराठवाड्याची माणसेही तिकडेच वळली. १९६६ मध्ये शिवसेना स्थापन झाली आणि मराठी माणसाच्या नोकरीचा प्रश्न रस्त्यावर आला. त्या प्रश्नात तथ्य नव्हते असे म्हणणे हा शहरी उदारमतवाद्यांचा आवडता उद्योग आहे. प्रस्तुत लेखक त्यात सामील होऊ इच्छित नाही. संयुक्त महाराष्ट्रासाठी रक्त सांडलेल्या शहरात कचेऱ्यांच्या पाट्या आणि पगारपत्रके पाहून मराठी तरुणाला जे वाटले ते खरेच होते. १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनामागेही असाच राग होता. फक्त तेथे प्रतिपक्ष परप्रांतीय नसून आपलेच पुढारलेले भाऊबंद होते. परंतु नोकरीचा प्रश्न जेव्हा माणसाच्या चारित्र्याचा प्रश्न होतो, अमुक प्रांताचा तो लबाड, तमुक धर्माचा तो फितूर, तेव्हा मूळ मागणीचेच नुकसान होते. एक योगायोग नोंदविण्यासारखा आहे : महाराष्ट्रात अधिवास प्रमाणपत्रासाठी वास्तव्याची मुदत पंधरा वर्षांचीच आहे. निजामानेही पंधराच धरली होती. राज्ये बदलली, पण बाहेरचा माणूस आतला व्हायला किती पावसाळे लागतात, याचा हिशेब तोच राहिला. वस्तुतः असा नियम वाजवी असू शकतो. संविधानाने जन्मस्थळ वा निवासस्थान यांवरून सरकारी नोकरीत भेद करण्यास मनाई केली आहे आणि निवासाच्या अटीचा अपवाद करण्याचा अधिकार फक्त संसदेला दिला आहे. ही विवेकी रचना आहे. तक्रार मुदतीविषयी नाही. मुदत ओलांडली तरी माणसाला संशयातून सुटका नाही, याविषयी आहे.

मराठीत ‘परदेशी’ हे आडनाव आहे. उत्तरेतून आलेल्या कुटुंबांना गावाने कधीतरी परदेशी म्हटले आणि तेच नाव चिकटले. ती कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलतात, पोळ्याला बैल सजवतात, आषाढीला उपास करतात. आडनावातच परकेपणा घेऊन जगणारी ही माणसे आपल्याला परकी वाटत नाहीत. याउलट ज्यांचे आडनाव, बोली आणि रक्त येथलेच आहे, अशांना आपण उपरे ठरविले. लक्ष्मण माने यांनी १९८० मध्ये आपल्या आत्मकथनाला ‘उपरा’ हे नाव दिले, तेव्हा मिरासदार-उपरी या जोडीतला शब्द गावगाड्यावरच उलटला. कैकाडी समाज परदेशातून आलेला नव्हता. परंतु ज्याला पांढरीत घर नाही, त्याला येथल्या व्यवस्थेने कायमचा बाहेरचा केला. १८७१ च्या कायद्याने तर काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले होते आणि ३१ ऑगस्ट १९५२ पर्यंत तो शिक्का कायम होता. लक्ष्मण गायकवाड यांचा ‘उचल्या’ (१९८७) त्या शिक्क्याची कहाणी सांगतो. हद्दीच्या आत जन्मूनही नागरिकत्वाच्या बाहेर राहणे काय असते, हे ज्या भाषेत इतक्या स्पष्टपणे लिहिले गेले, तिच्या वाचकाने ‘बाहेरचा’ हा शब्द तरी जपून वापरावा.

भालचंद्र नेमाडे यांनी मांडलेल्या देशीयतेचा आधार हल्ली अनेक जण परक्यांविरुद्धच्या आरोळीला देऊ पाहतात. नेमाड्यांच्या मांडणीवर घेण्यासारखे आक्षेप पुष्कळ आहेत. पण हा आधार तिच्यात नाही. साहित्य आपल्या भूमीतून, आपल्या परंपरेतून उगवावे, बाहेरचे जे घ्यावे ते येथल्या जमिनीत मुरवून घ्यावे, हे वाङ्मयाचे तत्त्व आहे. ते पोलीस ठाण्याचे तत्त्व नव्हे. ‘देशी’ आणि ‘स्वदेशात जन्मलेला’ हे समानार्थी शब्द धरले, तर मराठी गद्याचा पायाच उखडेल. ज्यांच्या लीळांनी मराठी गद्याचा आरंभ होतो ते चक्रधर परंपरेप्रमाणे गुजरातचे, राजघराण्यातले. त्यांनी आपल्या अनुयायांना महाराष्ट्रातच राहण्याचा, परमुलखात न जाण्याचा दंडक घालून दिला. या भूमीशी निष्ठेचा मराठीतला पहिला आदेश एका स्थलांतरिताचा आहे! आणि ज्या नामदेवांना परंपरा नर्सीचे मानते (नर्सी १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यातच होते), ते पंजाबात गेले. शिखांच्या आदिग्रंथात त्यांची पदे आहेत. घुमानला २०१५ मध्ये आपण साहित्य संमेलन भरविले आणि आपला संत परमुलखात पूजला जातो म्हणून आपल्याला भरून आले. घुमानच्या लोकांनी नामदेवांना पंधरा वर्षांचा दाखला मागितल्याचे ऐकिवात नाही.

आजच्या घडीला वाद आहे तो मुख्यतः कागदांचा. बेकायदा सीमा ओलांडून येणे हा गुन्हा आहे आणि त्याचा बंदोबस्त करणे हे कोणत्याही राज्याचे कर्तव्य आहे. याविषयी संदिग्ध बोलणाऱ्यांमुळेच दुसऱ्या पक्षाचे फावते. परंतु कायद्याने काम करायचे तर आधी चौकशी आणि मग निवाडा, हा क्रम पाळावा लागतो. १९९८ च्या जुलैत बांगलादेशी म्हणून मुंबईहून रवाना केलेल्या काही जणांची पश्चिम बंगालमधील उलुबेडिया स्थानकावर जमावाने सुटका केली. ते बंगालचेच रहिवासी असल्याचे तेथील लोकांचे म्हणणे होते. २०२५ मध्येही मुंबई परिसरात धरलेल्या काही बंगाली भाषकांना सीमेपलीकडे धाडून पुन्हा परत आणावे लागले. बोली ऐकून नागरिकत्व ठरविण्याचा हा परिणाम. आसामात ३१ ऑगस्ट २०१९ ला प्रसिद्ध झालेल्या नोंदवहीत १९ लाखांहून अधिक माणसे गळाली. त्यांत सर्व धर्मांची माणसे होती आणि बहुतेकांचा दोष कागद न सापडणे हाच होता.

कागद न सापडणे म्हणजे काय, हे मराठवाड्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. तेव्हापासून गावोगावची माणसे आजोबा-पणजोबांच्या नोंदी हुडकीत तहसीलच्या दप्तरखान्यात खेटे घालीत आहेत. निजामकालीन उर्दू, मोडीतील जीर्ण पाने, खासरा पत्रके. वाचणारा मिळत नाही, मिळाला तर नाव जुळत नाही, नाव जुळले तर गाव जुळत नाही. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटचा आधार मान्य केला आणि त्यावरही वाद सुरू झाला. त्या मागणीच्या युक्तायुक्ततेची चर्चा येथे करावयाची नाही. परंतु आपला पणजोबा कोण होता हे सरकारला पटवून देताना ज्या समाजाची दमछाक झाली आहे, त्याच समाजातला एखादा वक्ता दुसऱ्या गल्लीतल्या माणसाला ‘आधी कागद दाखव’ असे ठणकावतो, तेव्हा आश्चर्य वाटते. आणि ऊसतोडीला गेलेल्या बाईचे बाळ कारखान्याच्या तळावर, कधी कर्नाटकाच्या हद्दीत जन्मते. त्याची नोंद कोणत्या ग्रामपंचायतीत होते, होते की नाही, हे त्या वक्त्याने आपल्याच तालुक्यात जाऊन पाहावे.

निष्ठेची शपथ आपल्या कायद्यात आहे. नव्याने नागरिकत्व घेणाऱ्याला ती घ्यावी लागते आणि ती भारताच्या संविधानाशी निष्ठेची असते; भाषेशी, धर्माशी वा जन्मगावाशी नसते. जन्माने नागरिक असलेल्या आपणा सर्वांना ती घ्यावी लागत नाही. त्यामुळेच कदाचित तिच्यातील शब्द आपल्याला माहीत नाहीत.

मराठवाड्यातील मराठी विभागांपुढे यातून एक काम उभे राहते आणि ते तातडीचे आहे. १९४८ साली जे बारा-तेरा वर्षांचे होते ते आज नव्वदीच्या घरात आहेत. सेलू, जिंतूर, परतूर, मंठा या पट्ट्यातील गावांत त्यांच्यापैकी थोडे अजून आहेत. कोणी वऱ्हाडात पळून गेलेल्या घरातले, कोणी सप्टेंबरनंतर विहिरीत लपून वाचलेल्या घरातले. त्यांच्या आठवणी दख्खनी उर्दूत असोत की परभणीच्या बोलीत, त्या बोलतील तशा उतरवून घेतल्या पाहिजेत, आणि एकाच समाजाच्या उतरवून थांबता कामा नये. विद्यावाचस्पती पदवीसाठी त्याच त्या कादंबरीकारांवर आणखी एक प्रबंध लिहिण्याऐवजी विद्यार्थ्याला मोडी आणि उर्दू लिपी शिकवून या कामावर पाठवावे. मार्गदर्शकाला दोन्ही लिप्या येत नसतील, तर त्यानेही वर्गात मागच्या बाकावर बसावे.